ऐकायचे तर विचारावे कसे?

धडा संपला की गुरुजी विचारतात, "समजलं का?" आणि सारा वर्ग एका सुरात ओरडतो, "होऽऽ!" या 'हो'मधून गुरुजींना काय कळले? कुणाला किती समजले, कुणाचे कोठे अडले, हे त्या गलक्यात बुडून गेले. दोष मुलांचा नाही. प्रश्नच असा होता की त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढीच वाट होती. याला आपण बंद प्रश्न म्हणू. ज्याचे उत्तर माणसाला आपल्या शब्दांत, चार वाक्ये बोलून द्यावे लागते, तो मोकळा प्रश्न. मुलांना नीट ऐकायला शिकवायचे असेल, तर "लक्ष द्या" असे दहा वेळा बजावण्यापेक्षा त्यांना मोकळे प्रश्न विचारायला शिकवावे.

मराठीत हा फरक एका 'का'ने दाखवता येतो. फळ्यावर लिहा : "विहीर आटली का?" आता शेवटचा 'का' उचलून मध्ये ठेवा : "विहीर का आटली?" पहिल्याला एका शब्दात उत्तर मिळते, दुसऱ्याला पाऊस, उपसा, शेजारची बोअर, सगळेच सांगावे लागते. मुलांना हा खेळ फार आवडतो. मात्र माणसांशी बोलताना मधला 'का' जरा जपून वापरावा, बरे का! "उशीर का केलास?" म्हटले की ऐकणारा सबबी शोधू लागतो. "वाटेत काय झालं?" म्हटले की तो सांगू लागतो. घटनेला 'का' विचारावे; माणसाला 'काय' आणि 'कसं' विचारावे.

यात ऐकण्याचा संबंध कोठे आला, असे तुम्ही म्हणाल. असे पाहा, बंद प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. त्याला फक्त मान डोलावून हवी असते. "फवारणी केली का?" "केली." संपले बोलणे. तेच "फवारणी कशी केली?" असे विचारले, तर कळते की औषध अंदाजाने ओतले होते आणि भर वाऱ्यात, तोंडाला फडकेही न बांधता फवारले होते. पुढे काय ऐकू येणार हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला कान देऊन ऐकावेच लागते.

वर्गात याचा सराव असा घ्यावा. मुलांच्या जोड्या लावा. एकाने कालचा दिवस सांगायचा, दुसऱ्याने विचारायचे. नियम दोनच : प्रश्न मोकळा हवा, आणि मागच्या उत्तरातला एखादा शब्द पुढच्या प्रश्नात आला पाहिजे. "काल आम्ही बाजारला गेलो." "बाजारात काय काय केलंत?" "शेळी विकली." "शेळी विकायचं कसं ठरलं?" शेळी ज्याने ऐकलीच नाही, त्याला हा प्रश्न सुचणार नाही. शेवटी विचारणाऱ्याने ऐकलेली हकिगत सांगावी, आणि ती बरोबर की चूक हे मूळ सांगणाऱ्याने ठरवावे. पाच मिनिटे पुरतात.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणे हेही शिकवावे लागते, आणि आधी आपण शिक्षकांनीच ते शिकावे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या सुमारास असे आढळले, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तेव्हा मनात एक, दोन, तीन मोजावे.

रेडिओला मात्र मध्येच विचारता येत नाही. मग काय करावे? १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. शाळेतही असेच करावे. भाषण लावण्यापूर्वी फळ्यावर एक मोकळा प्रश्न लिहावा : "यातले आपल्या गावाला काय लागू पडेल?" ऐकून झाले की त्यावर मुलांना बोलू द्यावे.

बंद प्रश्न टाकाऊ आहेत असे नव्हे. "साप चावला का?" याला 'हो' की 'नाही' तेच ताबडतोब हवे. पण पोरीची शाळा चार दिवस बुडाली आणि आपण विचारले, "उद्या येशील ना?", तर ती मान डोलावते आणि उद्याही येत नाही. "सकाळी घरी काय काय करावं लागतं?" असे विचारून तीन सेकंद थांबा. पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे, आईचे मजुरीला जाणे, यांपैकी काय आड येते आहे ते ती सांगेल. ते कळले, तरच तिच्या घरी जाऊन काय बोलायचे हे आपल्याला उमगेल.