कल्पक्कमची धाकटी भट्टी

कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टरची, म्हणजे तिथल्या बोलीत ‘एफबीटीआर’ची, वीजनिर्मितीची क्षमता जेमतेम १३ मेगावॅट. तिचा गाभा हातभरही उंच नाही. इंधनाचा थर फक्त ३२० मिलिमीटरचा. शेजारी ५०० मेगावॅटची मोठी बहीण उभी राहिल्यापासून तर या धाकटीचं नाव बातम्यांत क्वचितच येतं. तरीही भारतात फास्ट रिॲक्टरबद्दल जे काही अनुभवाने माहीत झालं, त्यातलं बहुतेक इथेच कळलं, आणि तेही ठरवलेला रस्ता बंद झाल्यामुळे.

होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात या भट्ट्यांची जागा मधली. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ असतं ०.७ टक्के, बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. न्यूट्रॉनचा वेग कमी न करता प्लुटोनियम फोडलं, तर साखळी चालू ठेवूनही काही न्यूट्रॉन उरतात. ते युरेनियम-२३८ ने गिळले की नवं प्लुटोनियम तयार होतं. पाण्याने न्यूट्रॉन मंदावतात, म्हणून उष्णता वाहून न्यायला पाणी चालत नाही. वितळलेलं सोडियम लागतं. ते ९८ अंशांना वितळतं, ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे प्रचंड दाबाची गरज पडत नाही. पण हवेत ते पेटतं, पाण्याशी गाठ पडली की भडकतं, आणि पारदर्शक नसल्याने आत काय चाललंय ते डोळ्यांनी पाहता येत नाही. या शेवटच्या अवगुणाची किंमत पुढे मोजावी लागली.

ट्रॉम्बेत १९७२ मध्ये ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियमवर चालणारी छोटी प्रायोगिक भट्टी सुरू झाली होती, पण ती शून्य शक्तीची. खरी फास्ट भट्टी बांधायची तर अनुभव हवा होता, आणि तो फ्रान्सकडे होता. १९६९ च्या करारानुसार कादाराशच्या ‘राप्सोदी’ या भट्टीचा आराखडा आधाराला घेतला गेला. तिथे डिझाइनच्या कामाला गेलेल्या भारतीय इंजिनिअरांमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले शिवराम भोजे होते. पुढे ते कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. राप्सोदीची उष्णता सरळ हवेत सोडून दिली जाई. आपल्याकडे मात्र स्टीम जनरेटर आणि टर्बाइन जोडायचं ठरलं. सोडियम आणि पाणी यांच्यामध्ये फक्त नळीची भिंत ठेवून वीज काढायची, हे धाडस मूळ भट्टीत नव्हतं.

इंधनाची तरतूद मात्र परदेशावर अवलंबून होती. प्लुटोनियमच्या ऑक्साइडबरोबर भरपूर समृद्ध केलेलं युरेनियम लागणार होतं. १९७४ मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली आणि फ्रान्सने ते देण्याचं थांबवलं. समृद्ध युरेनियम नाही तर प्लुटोनियमचं प्रमाण वाढवा, हा सोपा वाटणारा उपाय ऑक्साइडमध्ये जमेना. इतकं प्लुटोनियम असलेल्या ऑक्साइडचं सोडियमशी पटत नाही. मग निवड झाली कार्बाइडची: ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड. जगात कोणी या मिश्रणावर अख्खी भट्टी चालवली नव्हती. कार्बाइडची भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते, ओलाव्याने बिघडते. त्यामुळे ट्रॉम्बेत निष्क्रिय वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये रबरी हातमोज्यांतून हात घालून या गोळ्या बनवाव्या लागल्या. ५.१ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांत त्या भरायच्या आणि अशा ६१ नळ्यांचा एक जुडगा करायचा.

१८ ऑक्टोबर १९८५ रोजी भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. नव्या सुनेला सासरी जितक्या जपून पाऊल टाकायला लावतात, तितक्याच जपून या इंधनाला पुढे नेलं गेलं. गाभा लहान, शक्ती कमी, थोडं जाळायचं, बाहेर काढून तपासायचं, मग मर्यादा वाढवायची. १९८७ मध्ये इंधन हलवताना एक जुडगा वाकला, आतल्या यंत्रणेची मोडतोड झाली. अपारदर्शक सोडियमखाली काय तुटलंय ते हुडकून दुरुस्त करेपर्यंत दोन वर्षं गेली. २००२ मध्ये सुमारे ७५ किलो सोडियम गळलं. टर्बाइन ग्रिडला जोडायला १९९७ उजाडलं, आणि ४० मेगावॅट उष्णतेची मूळ मर्यादा गाठायला थेट मार्च २०२२. या गतीवर हसणारे हसले. मला ती समजूतदार वाटते, कारण घाई केलेल्यांची उदाहरणं समोर होती: अमेरिकेत १९६६ मध्ये ‘फर्मी-१’चं इंधन काही अंशी वितळलं, जपानच्या ‘मोंजू’त १९९५ मध्ये सोडियमची आग लागली.

कार्बाइडने मात्र सगळ्यांना चकित केलं. सुरुवातीला टनामागे २५,००० मेगावॅट-दिवस एवढीच ऊर्जा काढायची परवानगी होती; ते इंधन १,६५,००० पर्यंत टिकलं. जळालेलं इंधन त्याच आवारातल्या ‘कोरल’ या छोट्या प्रकल्पात २००३ पासून विरघळवून प्लुटोनियम परत काढलं गेलं. ब्रीडरचं अर्थशास्त्र या परतफेडीवरच उभं आहे. नुसती भट्टी असून भागत नाही.

आणि तरी २००४ मध्ये बांधायला घेतलेल्या, मार्च २०२४ मध्ये गाभा भरायला सुरुवात झालेल्या ५०० मेगावॅटच्या प्रोटोटाइपमध्ये कार्बाइड नाही. तिथे ऑक्साइड आहे, कारण ते बनवण्याचा आणि पुन्हा शुद्ध करण्याचा अनुभव जगभर अधिक आहे. निर्णय व्यवहाराला धरून आहे, पण धाकटीचं सर्वांत मोठं यश वारशात उतरलं नाही हेही खरं. तिने दिलं ते वेगळं: सोडियम हाताळणारी माणसं, पंप आणि स्टीम जनरेटर चालवण्याची सवय. शिवाय मोठीच्या इंधनाची चाचणीही हिच्याच पोटात झाली. छोट्या गाभ्यात त्या नळ्या पुरेशा तापाव्यात म्हणून त्यांत थोरियमपासून मिळवलेलं युरेनियम-२३३ मिसळावं लागलं. म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा माल दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेला वापरला गेला!

पुढच्या पिढीसाठी धातूच्या इंधनाकडे डोळे लागले आहेत, कारण त्यात नवं प्लुटोनियम अधिक वेगाने साठतं. या वाटेवर अमेरिकेची आयडाहोमधली ‘ईबीआर-२’ तीस वर्षं चालली. एप्रिल १९८६ मध्ये पूर्ण शक्तीवर असताना तिचे मुख्य पंप मुद्दाम बंद केले, आणीबाणीची यंत्रणाही अडवून ठेवली. धातूचं इंधन आणि सोडियम तापून प्रसरण पावलं आणि भट्टी आपोआप थंडावली. १९९४ मध्ये तिथल्या सरकारने तो कार्यक्रमच गुंडाळला. भारतात अशा धातूच्या नळ्या आधी एफबीटीआरमध्येच तापवून पाहिल्या जात आहेत.