उन्हाचा ताप आणि खिडकीची चौकट

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचा पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. हे तापमान सावलीतील हवेचे. पश्चिमेच्या भिंतीतील गडद रंगाची चौकट थेट उन्हात याहून पुष्कळच अधिक तापते. घर बांधताना भिंती व छप्पर यांचा विचार होतो. चौकटीचा मात्र क्वचितच होतो.

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. पण सर्व सारख्या प्रमाणात नव्हे. दीड मीटर लांबीची चौकट ४० अंशांनी तापली, तर लोखंडाची लांबी सुमारे पाऊण मिलिमीटर, ॲल्युमिनियमची सुमारे दीड, तर यूपीव्हीसी या प्लास्टिकची चार मिलिमीटरपर्यंत वाढते. अशी चौकट भिंतीत घट्ट चिणली, तर वाढीस जागा न उरल्याने ती वाकते व झडप अडकते. शिवाय हे प्लास्टिक ७५ ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. म्हणून त्याच्या पोकळीत पोलादी पट्टी असावी आणि रंग फिका असावा.

ॲल्युमिनियम गंजत नाही, वाळवीही त्याला लागत नाही; पण लाकडाच्या कित्येक शे पटींनी अधिक उष्णता ते वाहून नेते. लोखंडाचीही प्रवृत्ती तीच. त्यामुळे बाहेरचा ताप चौकटीवाटे खोलीत उतरतो. अशा खिडकीलगत लहान मुलांचे वा वृद्धांचे अंथरूण दुपारी नसावे.

जिल्ह्याच्या वनांतील साग उष्णतेने फारसा वाढत नाही. त्याच्यावर परिणाम होतो तो ओलाव्याचा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो आकसतो, तर श्रावणात फुगतो. पावसाळ्यात अडकलेली झडप घाईने रंधून घेतली, की उन्हाळ्यात तीच सैल होऊन खडखडते आणि फटींतून झळा आत येतात. यास्तव लाकूड पूर्ण वाळवलेले घ्यावे आणि कडांनाही तेल वा रंग द्यावा.

तात्पर्य, निर्दोष असा कोणताच पदार्थ नाही. भिंत व धातूची किंवा प्लास्टिकची चौकट यांत थोडी फट ठेवून ती लवचिक पदार्थाने भरावी. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा पुरतो; पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येत असल्याने तेथे बाहेरून तट्टा लावावा किंवा झाड वाढवावे. चौकट सावलीत राहिली, तर ती टिकते आणि घरही निवते.