वायद्याचा बाजार

शेअरबाजार शिकूं इच्छिणाऱ्यानें प्रथम १८६५ सालची मुंबई अभ्यासावी. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा बँकांच्या व समुद्र हटविणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत चढला. जमीन मात्र अद्याप पाण्याखालींच होती!

घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांजवळ रोकड नव्हती. सौदा आज ठरवावयाचा, पैसे पुढील मुदतीस द्यावयाचे, मध्यंतरीं भाव चढला कीं फरक खिशांत घालावयाचा, हा वायदा. एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध मिटत आलें, कापूस कोसळला, आणि १ जुलैस वायदे पुरे करण्याची वेळ येतांच शेंकडों पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंदांसारखे धुरंधरही सुटले नाहींत.

मुंबईस नोकरीला गेलेले आमच्या पोलादपुराकडील कांहीं तरुण आतां मोबाईलवर हाच खेळ खेळतात. नांव तेवढें 'फ्यूचर्स-ऑप्शन्स'. सेबीच्या २०२४ च्या पाहणींत अशा व्यवहारांतील शंभरांपैकीं त्र्याण्णव व्यक्ती तीन वर्षांच्या हिशेबीं तोट्यांत आढळल्या.

मग शिकावें कसें? शेअर म्हणजे धंद्यांतील भागीदारी, म्हणून आधीं ताळेबंद वाचावा : कर्ज किती, नफा रोख हातीं येतो कीं कागदावरच राहतो. घ्यावयाचें तें शिलकेंतून, पूर्ण किंमत मोजून. तत्पूर्वीं सहा महिने वहींतच सौदे मांडावे. त्यांत दलाली व कर वजा करावयास विसरूं नये. पुष्कळांचा नफा तेथेंच आटतो.