पासपोर्टाआधी नावाची दुरुस्ती

अम्मीने शिलाईच्या पैशातून उमऱ्यासाठी कितीतरी वर्षे बाजूला टाकले होते. रमजानमध्ये जायचे ठरले, अब्बांनी होकार दिला, गावातल्या चार घरांचा एक ग्रुपही जमला. एजंटने विचारले, "पासपोर्ट आहेत ना?" तेव्हा आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहत राहिलो. साठी ओलांडलेल्या आमच्या आईबापांनी आयुष्यात कधी पासपोर्ट काढलाच नव्हता.

आम्हाला वाटले, फॉर्म भरला की झाले. सरकारी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, साठीच्या पुढच्यांना त्यात 10 टक्के सूट, म्हणून प्रत्येकी 1350 रुपये भरले. जिल्ह्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीखही मिळाली. त्या दिवशी अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून सकाळी सातलाच तयार होते.

काउंटरवरच्या बाईंनी कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारले, "चाचा, तुमचं खरं नाव कोणतं?"

शाळेच्या दाखल्यावर होते 'शेख रशीद शेख हमीद'. आधारवर 'रशीद शेख'. मतदार कार्डावर 'रशीद हमीद शेख'. अम्मीचे तर आधारवर नुसतेच 'जैबुन्निसा' होते आणि पॅनवर 'शेख जैबुन बी'. जन्मतारीख आधारवर 1 जानेवारी, पॅनवर 1 जून. अम्मी शाळेत गेलीच नव्हती; ज्याने जेव्हा विचारले तेव्हा कुणीतरी अंदाजाने तारीख सांगितली होती. दोन्ही अर्ज थांबले. बाई उद्धट नव्हत्या, कायदाही त्यांच्या बाजूने होता. चूक आमच्याच घरातली होती आणि तीस-चाळीस वर्षे कुणी तिच्याकडे पाहिले नव्हते.

ही गोष्ट आमच्या एकट्याची नाही. आपल्याकडे 'शेख', 'सय्यद', 'पठाण' कधी नावाआधी येते, कधी नावानंतर. बायकांच्या नावात 'बी', 'बेगम', 'बानू' कधी असते, कधी गळते. राशन कार्ड लिहिणारा एक लिहितो, बँकेतला दुसरे. घरात चालून जाते, पण पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा असतो. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून एकेरी नावाचा पासपोर्ट काढला, तर पुढे व्हिसाला अडचण येते. संयुक्त अरब अमिरातीने 2022 च्या नोव्हेंबरपासून अशा पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे बंद केले. दुबईत राहणाऱ्या लेकीकडे जायचे असेल, तर हे आधीच पाहावे.

आम्ही मग एक नाव ठरवले आणि सगळे कागद त्यावर आणले. अब्बांच्या शाळेच्या दाखल्याला धरून आधार आणि मतदार कार्ड दुरुस्त केले. अम्मीच्या आधारवर आडनाव चढवले, मग त्या आधारवरून पॅनचे नाव आणि तारीख बदलली. फेऱ्या, झेरॉक्स, पुन्हा फेऱ्या. यात रमजान निघून गेला. ग्रुप गेला, आणि आगाऊ दिलेल्या रकमेतले थोडेच परत मिळाले.

दुसऱ्या वेळी मात्र काम सरळ झाले. कागद तपासले, फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतले. अम्मीने ओढणी डोक्यावरच ठेवली. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला म्हणजे पुरे. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, पत्ता पाहिला, शेजाऱ्यांना विचारले. या पडताळणीची वेगळी फी नसते, हे लक्षात ठेवावे. पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. अम्मीने तो आधी डोळ्यांना लावला, मग उघडला.

घरात पहिला पासपोर्ट काढायचा असेल, तर आमच्या अनुभवातून एवढे सांगतो:

• अर्जाआधी सगळ्यांचे आधार, पॅन, दाखला एका सतरंजीवर मांडा आणि नाव, तारीख अक्षर अक्षर जुळवा.
• 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मदाखलाच लागतो. तो नीट नावाने आजच काढून ठेवा.
• मुलगा आखातात नोकरीला जाणार असेल, तर दहावीचे प्रमाणपत्र अर्जाला जोडा, म्हणजे पासपोर्टवर एमिग्रेशन मंजुरीची अट लागत नाही.
• प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत उरलेली हवी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो.
• पासपोर्ट हाती आल्याशिवाय एजंटला आगाऊ रक्कम देऊ नका.

अल्हमदुलिल्लाह, अम्मी-अब्बा रबीउल अव्वलमध्ये उमरा करून आले. पण मधल्या सहा महिन्यांत अब्बांचे गुडघे फार बिघडले होते. सफा-मरवाची सई त्यांनी व्हीलचेअरवर केली. त्यांची काहीच तक्रार नाही. अम्मी मात्र अजून म्हणते, "रमजानात गेलो असतो, तर हे स्वतःच्या पायांनी चालले असते."

म्हणून नियत झाली की आधी कपाटातली फाइल काढा, बॅग नंतर.