गुण आणि दोष

माउली, मागच्या मुक्कामी कीर्तन संपलं आणि एक आजी पुढे आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "महाराज, वैद्य म्हणाले, तुम्हाला पित्तदोष आहे. मी तर जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. मग हा दोष कुठला? आठ दिवस एकवेळ जेवून तो फेडतेय." अहो, आधीच पित्त वाढलेलं, त्यात पोट रिकामं! औषधाची पुडी तशीच पिशवीत. वैद्यांचं चुकलं नाही, आजींचंही नाही. शब्द एक, अर्थ दोन, तिथं घोटाळा झाला.

म्हणून आज गुण आणि दोष या दोन शब्दांचा विचार करू. व्यवहारात आपण गुण म्हणजे चांगले आणि दोष म्हणजे वाईट एवढेच धरतो. पण शास्त्रातला शब्द त्या शास्त्राच्या घरात जाऊन विचारावा लागतो.

आयुर्वेदाच्या घरी वात, पित्त, कफ यांना दोष म्हणतात. ते बिघडले की देहाला बिघडवतात, म्हणून हे नाव. पण सम असले की हेच तिघे देह धरून ठेवतात. पित्त नसेल तर खाल्लेला घास पचेल का? म्हणजे हा दोष फेडायचा नाही, जागेवर आणायचा. तिथं गुण म्हणजे गुरु-लघु, शीत-उष्ण असे २०. तूप स्निग्ध, सुंठ उष्ण. यात स्तुतीही नाही, निंदाही नाही.

व्याकरणाच्या घरी जा. पाणिनींनी अ, ए, ओ या स्वरांना गुण म्हटले. ज्ञान आणि ईश्वर जवळ आले, अ आणि ई मिळून ए झाला, ज्ञानेश्वर! हा गुणसंधी. पुरुष आणि उत्तम मिळून पुरुषोत्तम, तोही तसाच.

साहित्यात माधुर्य, ओज, प्रसाद हे गुण. कानाला कठोर लागणारा शब्द हा दोष. पण रौद्ररसात तोच कठोर शब्द शोभून दिसतो, बरं का!

न्यायशास्त्रात दोष तीन: राग, द्वेष, मोह. इथं राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. आपल्याला फेडायचा दोष असेल, तर तो हा.

आता सांख्यांचे सत्त्व, रज, तम. गुण शब्दाचा एक अर्थ दोरी. गीतेचा १४ वा अध्याय सांगतो, तिन्ही गुण बांधतात. तम आळसाने, रज कर्माने, आणि सत्त्व? तेही सुखाने आणि ज्ञानाने बांधते. 'मी इतक्या वाऱ्या केल्या' हा अभिमान सोन्याची दोरी असेल, पण दोरीच ना!

म्हणून देवाला निर्गुण म्हटले की दचकू नका. आपण कृतघ्न माणसाला निर्गुणी म्हणतो, तो अर्थ इथं नाही. या दोऱ्या ज्याला बांधत नाहीत, तो निर्गुण. आणि तोच भक्ताच्या प्रेमापोटी सगुण होऊन विटेवर उभा आहे.

आजींना म्हटलं, "आजी, हा पापाचा दोष नव्हे, पोटाचा आहे. दोन घास खा, पुडी घ्या, गुण येईल." त्या हसल्या. म्हणाल्या, "हा गुण कुठल्या शास्त्रातला, महाराज?"

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!