रविवारची घंटा

अहमदनगरास, ज्याचे सरकारदप्तरी नाव आता अहिल्यानगर झाले आहे, रविवारच्या सकाळी ख्रिस्ती मंदिरांच्या घंटा वाजू लागल्या म्हणजे अनेक घरांत एकच प्रकार दिसून येतो. आजीबाई स्वच्छ लुगडे नेसून, पदर सावरून, उपासना संगीताचे पुस्तक हाती घेऊन दाराशी उभ्या राहतात. आणि त्याच घरातील नातू कूस बदलून पुन्हा निजतो. आजीबाईंस वाटते, पोर देवास विसरले. नातवास वाटते, तेथे जाऊन मिळावयाचे काय? दोघेही परस्परांस हा प्रश्न मोकळेपणाने विचारीत नाहीत, म्हणून तो आज आम्ही चारचौघांत मांडीत आहो.

आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत; तेव्हा दुसऱ्याच्या देवघरात डोकावण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेच की, ह्या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास ह्या मंदिरांना वगळून लिहिता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरास आले. १८३९ मध्ये मिस सिंथिया फॅरर येथे आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनाने पुण्यात तसे काही करण्याची उचल घेतली. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ मध्ये निघाले ते ह्याच गावातून. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढिले. ज्या मंडळीने गावास इतके दिले, तिच्या बाकांवर कोण येऊन बसतो आणि कोण उठून जातो, ही केवळ तिची खासगी बाब नव्हे.

प्रथम लोकांस तेथे काय आवडते ते पाहू. दोष सांगावयास सर्वच पुढे असतात. पहिली गोष्ट म्हणजे ते बाकच. ज्यांस महार-मांग म्हणून गावाने वेशीबाहेर ठेविले, देवळाच्या पायरीस शिवू दिले नाही, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांस प्रथमच एका छताखाली, इतरांच्या खांद्यास खांदा लावून बसावयास मिळाले. प्रभुभोजनाच्या वेळी तीच भाकर व तोच प्याला सर्वांपुढे फिरला. ही गोष्ट ख्रिस्ती झालेल्या उच्चवर्णीयांसही सोपी गेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपले अन्नपाणी किती दिवस निराळे ठेविले होते आणि ती गाठ मनातून कशी सुटली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. आज शेवटच्या बाकावर बसणारी वृद्ध बाई ईश्वरविद्येतील वाद जाणत नसेल. पण 'येथे मला कोणी ऊठ म्हणत नाही' हे ती जाणते. एवढ्या एका गोष्टीकरिता ती ऊनपावसात चालत येते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. बायबल स्वतः वाचावयाचे म्हणून ज्या घरांत अक्षरओळख झाली, त्या घरांत वाचनाचा मान अजून टिकून आहे. लहान मुलास मंडळीपुढे उभे राहून चार ओव्या शास्त्रवचने वाचावयास सांगतात, तेव्हा त्याचे आईबाप जो आनंद भोगतात तो शाळेच्या बक्षिसाहून कमी नसतो. तिसरी गोष्ट आधाराची. घरात कोणी दगावले म्हणजे मंडळीचे लोक न बोलाविता येतात; लग्नात झटतात; आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करितात. चौथी गोष्ट सणांची. नाताळच्या रात्री गाणी गात घरोघर फिरणारी पोरे आणि हंगामाच्या सणास वेदीपुढे येऊन पडणारी ज्वारी-बाजरीची कणसे, भोपळे, अंडी व कोंबड्या, आणि मग त्यांचा हसतखेळत होणारा लिलाव! जे मूल उपदेशाच्या वेळी पेंगते, ते लिलावाच्या वेळी बाकावर चढून पाहते. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या शेतातील पीक देवापुढे ठेविता येते ही भावना शेतकऱ्यास जितकी कळते तितके कोणतेही प्रमेय कळत नाही.

पाचवी व आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट गाण्याची. परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या तोंडी नीट बसत नाहीत, हे नगरच्या लोकांनी फार लवकर ओळखिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाची रीत ख्रिस्ती कथेस लाविली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व पदे रचून मराठी उपासनेस तिचा स्वतःचा कंठ दिला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचे ते शब्द आजही टाळ-मृदंगावर उठले म्हणजे, उपदेशाला कंटाळणारा मनुष्यही गाण्याकरिता येतो. कॅथलिक मंडळीतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, लॅटिनच्या जागी लोकभाषा आली, आणि मिस्साविधी मराठीतून होऊ लागला. श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव येथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तीस ख्रिस्तीच नव्हे तर इतर धर्मांचे लोकही नवस घेऊन जातात. जेथे भाषा आपली वाटते तेथे पाय आपोआप वळतात.

आता नावडीकडे वळू. पहिली तक्रार लांबलेल्या उपदेशाची. वक्ता विद्वान असो वा नसो, गेल्या वर्षी सांगितलेले यंदा पुन्हा सांगितले, श्रोत्यांच्या आठवड्याचा, कर्जाचा, दुष्काळाचा, मुलाच्या नोकरीचा त्यात उल्लेखही नाही, तर ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहिले यात त्याचा अपराध तो किती? दुसरी तक्रार तटांची. पंचमंडळाच्या निवडणुकीत जो पडला त्याच्या घरचे पुढे सहा महिने फिरकत नाहीत, आणि जो निवडून आला त्याच्या घरचे पहिल्या बाकास आपली मालकी समजतात. तिसरी तक्रार पैशाची व जमिनींची. मिशनने मागे ठेविलेल्या जागांवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी खटले चालले आहेत. वकिलाच्या कचेरीत जे शत्रू, ते रविवारी एका प्याल्यास ओठ लावितात, हे दृश्य तरुणांच्या नजरेतून सुटत नाही. चौथी तक्रार स्त्रियांची. संख्येने पाहता बाकांवर त्याच अधिक; झाडलोट, चहापाणी व गाणे त्यांच्याकडे; आणि निर्णय घेण्याच्या खोलीत त्या तुरळक. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने स्त्रियांस पाळकपद मोकळे केले आहे. पण नियमाने उघडलेले दार सवयीने लोटून ठेविता येते.

पाचवी तक्रार अधिक खोल आहे. धर्म बदलला, पण सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारणे सर्वत्र सुटले काय? ज्या मंदिराने एका बाकावर बसविले, त्याच मंदिराच्या अंगणात 'ते मूळचे कोण?' असा प्रश्न दबक्या आवाजात फिरत असेल, तर पहिल्या बाकाचा महिमा गाण्यात अर्थ नाही. आणि येथे दोष एकट्या मंडळीचा नाही. कायद्याचाही वाटा आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेविल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितास त्या अद्याप नाहीत. गावाने त्याची जात विसरली नाही, सरकारने मात्र ती पुसली असे मानिले! अशा स्थितीत मुलाच्या शिष्यवृत्तीकडे पाहून एखादा बाप मंडळीच्या पटावर नाव घालण्यास कचरला, तर त्यास भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे कठीण आहे.

ह्या सर्वांत पोटाचा प्रश्न निराळाच. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडीस जाणारे कुटुंब ख्रिस्ती असेल, तर त्याचा नाताळ कारखान्याच्या फडात कोपीवर उगवतो. शहरात दुकानी नोकरी करणाऱ्यास रविवार हाच विक्रीचा दिवस. त्यांस 'मंदिरात का येत नाही' असे विचारण्यापूर्वी 'येऊ शकता काय' असे विचारिले पाहिजे.

कोणी म्हणतील, उपासना म्हणजे नाटकाचा खेळ नव्हे की प्रेक्षकांची आवडनिवड विचारावी. मनुष्य तेथे देवास देण्यास जातो, घेण्यास नव्हे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जो केवळ करमणुकीकरिता मंदिर बदलीत फिरतो त्याची बाजू आम्ही घेत नाही. परंतु आवड निराळी आणि भूक निराळी. उपदेश गोड नव्हता ही आवडीची गोष्ट. 'मी गेलो नाही तरी कोणाच्या ध्यानी आले नाही' ही भुकेची गोष्ट. पहिली दुर्लक्षिली तर चालेल, दुसरी दुर्लक्षिली तर मंडळी केवळ इमारत उरते. खुद्द टिळकांचेच उदाहरण घ्या. ज्यांच्या पदांनी मराठी उपासना भरून गेली, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडिली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांसही जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि तो दरबार फार वाढला नाही. तथापि मंडळीचा सर्वांत मोठा गायक जेव्हा अधिक रुंद दार शोधीत बाहेर पडतो, तेव्हा तो धर्म सोडीत नसून आतल्या लोकांस काही सांगत असतो, हे समजले पाहिजे.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीस सुचते ते असे. पाळकांनी महिन्यातून एक रविवार उपदेशाऐवजी प्रश्नोत्तरास द्यावा, आणि त्यात तरुणांचे आक्षेप न रागावता ऐकावे. मंडळीचा जमाखर्च वर्षातून एकदा दाराशी लावावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थांस हिशेब तपासून घेणे कायद्याने भागच आहे, मग तो लोकांपासून झाकावा कशास? आमचे व्यापारी वाचक जाणतात की, ज्या पेढीची रोजकीर्द उघडी असते तिच्यावरच ठेव ठेविली जाते. पंचमंडळात स्त्रिया निम्म्या असाव्यात. नवख्या मनुष्याशी उपासनेनंतर पहिल्या बाकावरील मनुष्याने प्रथम बोलावे. आणि जे कामामुळे सकाळी येऊ शकत नाहीत, त्यांच्याकरिता संध्याकाळी तासाभराची, गाण्याची अशी उपासना ठेवावी.

व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. आपल्या दुकानी जो ख्रिस्ती नोकर असेल त्यास रविवारी सकाळी दोन तास मोकळीक द्यावी. आपण गणपतीस व दिवाळीस दुकान बंद ठेवितो, मुसलमान कारागिरास शुक्रवारी नमाजास जाऊ देतो. मग ह्यासच पगार कापण्याची धमकी का? दोन तासांच्या विक्रीने कोणी सावकार होत नाही आणि कोणी भिकेसही लागत नाही.

शेवटी एक गोष्ट आम्ही आपणां सर्वांसच विचारितो. जे गुणदोष आम्ही वर मोजिले, त्यांपैकी कोणते आपल्या देवळात, मशिदीत वा विहारात नाहीत? तेथेही विश्वस्तांचे तट आहेत, हिशेब बंद कपाटात आहेत, बायका झाडतात व पुरुष ठरवितात. आणि पायरीवरून परत फिरविलेल्या मनुष्याची आठवण तर ख्रिस्ती मंदिरापेक्षा आपल्याच देवळांस अधिक असावयास हवी. रविवारी घंटा वाजली म्हणजे ती केवळ ख्रिस्ती लोकांस बोलाविते असे आपण समजतो. आजीबाई गेल्या, नातू निजला. तिला तेथे बसावयास जागा मिळते म्हणून ती जाते. त्याला तेथे बोलावयास जागा मिळेल तेव्हा तोही जाईल. ती जागा करून देणे हे आजीबाईंच्या पिढीचे काम आहे, आणि ते त्यांच्या हयातीत झाले तर फार बरे.