संगणकाचा पंखा घरघरतोय? आधी कान देऊन ऐका

शनिवारी सकाळी ईस्ट कोस्टवर दुसरा चहा होत असतो, तेव्हा तिकडे पुण्या-नाशकात रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत नेमका याच वेळी आई-बाबांचा व्हिडिओ कॉल लागतो. पाचच मिनिटांत लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागतो आणि तिकडून आजी विचारते, "अगं, मिक्सर चालू आहे का तुमच्याकडे?"

मग घरात चर्चा सुरू होते, की नवीन लॅपटॉप घ्यावा का. थांबा. आधी आवाज कसला आहे ते नीट ऐका, कारण खर्च किती होणार ते त्यावरच ठरतं.

आवाज सलग 'हूऽऽ' असा, वाऱ्यासारखा असेल, तर पंखा बहुधा धडधाकट आहे. तो फक्त जिवाच्या आकांतानं पळतोय. व्हिडिओ कॉलमध्ये प्रोसेसरला भरपूर काम पडतं, तो तापतो आणि पंखा वेग वाढवतो. विंडोजवर टास्क मॅनेजर किंवा मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून कोण किती काम करतंय ते बघा. बरेचदा ब्राउझरमधले उघडे राहिलेले चाळीस टॅब हेच कारण निघतं. पण काहीही चालू नसताना पंखा पळत असेल, तर आत धूळ साचली आहे.

आणि इथल्या घरांत धूळ साचतेच. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, हिवाळाभर गरम हवा फेकणारं हीटिंग, त्यात कुत्रा-मांजर असेल तर त्याचे केस. शिवाय लॅपटॉप ठेवायचा कुठे, तर किचन काउंटरवर किंवा पलंगावर दुलईवर! दुलईनं खालच्या जाळ्या बंद होतात आणि फोडणीचा तेलकट धूर बसला की धूळ पात्यांना चिकटून राहते. आत उष्णता कोंडली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास हे करतात. कॉल अडकायला लागला की आपण इंटरनेटला शिव्या देतो, पण कधी कधी दोष या धुळीचा असतो.

आवाज खडखड किंवा करकर असा असेल आणि लॅपटॉप जरा तिरका केला की बदलत असेल, तर पंख्याचं बेअरिंग झिजलंय. डेस्कटॉपमध्ये एखादी सुटी वायर पात्याला लागूनही असाच आवाज येतो, म्हणून आधी आत डोकावून बघा.

तिसरा आवाज मात्र गंभीर आहे. थांबून थांबून येणारी 'टक्-टक्'. मशीन जुनं असेल आणि त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तो आवाज डिस्कचा असू शकतो. मग पंख्याचं नंतर बघा. आधी बारशापासूनचे सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आजच्या आज. पंखा नवा मिळतो, ते फोटो मिळत नाहीत.

आता सफाई. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा आणि डेस्कटॉप असेल तर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हिवाळ्यात कार्पेटवरून चालल्यावर दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो ना, तीच स्थिर वीज आतले नाजूक भाग खराब करते. म्हणून आधी डेस्कटॉपच्या धातूच्या भागाला हात लावा. दाबलेल्या हवेचा डबा उभाच धरा, आडवा धरला तर आतला थंडगार द्रव बाहेर येतो. पाती बोटानं किंवा काडीनं अडवून ठेवा. हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरू दिला तर चांगलं बेअरिंगही बिघडतं.

बेअरिंग सुकलं असेल तर काही पंख्यांमध्ये स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालतो, पण तो आवाज परत येईपर्यंतचा उपाय. खोबरेल मात्र नको, ते थंडीत गोठतं!

डेस्कटॉपचा पंखा बदलणं अगदी सोपं, चार स्क्रूंचं काम. पट्टी घेऊन कडेपासून कडेपर्यंत मोजा: ८०, ९२, १२० किंवा १४० मिलिमीटर. वायरच्या टोकाला तीन पिन आहेत की चार तेही बघा. चार पिनवाल्याचा वेग मदरबोर्डला चांगला सांभाळता येतो. पंख्याला ज्या बाजूला आधाराच्या दांड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. उलटा बसवलात तर गरम हवा आतच फिरेल. एक सक्त ताकीद: पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. त्यातला पंखा वाजत असेल तर अख्खा डबाच बदला.

लॅपटॉपला जास्त धीर लागतो. आधी बॅटरीची वायर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा आणि जाणकाराकडे न्या. पंखा मागवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, पंख्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून तोच पार्ट नंबर शोधा. काही लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याची नळी एकसंध असते. ती उचलली की प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावावी लागते. आणि तुमच्याकडे २०२० नंतरचा एम मालिकेतल्या चिपचा मॅकबुक एअर असेल, तर पंखा शोधत बसू नका. त्यात पंखाच नाही.

"उघडलं तर वॉरंटी जाईल," हे आपल्याकडे कायम ऐकू येतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ तुम्ही झाकण उघडलंत किंवा दुसऱ्या कंपनीचा पार्ट लावलात म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. हो, तुमच्या हातून काही तुटलं तर ते मात्र तुमचं. स्क्रूवर चिकटवलेल्या 'काढल्यास वॉरंटी रद्द' अशा स्टिकरांबद्दल फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ आणि २०२४ मध्ये कंपन्यांना इशारापत्रं पाठवली आहेत. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा इथले दुरुस्तीच्या हक्काचे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूचे सुटे भाग आणि माहितीपुस्तिका, उत्पादन बंद झाल्यावरही ७ वर्षं उपलब्ध ठेवाव्या लागतात. तेव्हा कंपनीकडे पार्ट मागताना संकोच नको.

अनेक जण म्हणतात, डिसेंबरात भारतात जाणारच आहोत, लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत दाखवू. जरूर दाखवा, तिथले हात तयार आहेत. फक्त पार्ट नंबरचा फोटो जवळ ठेवा, मशीन दुकानात देण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत इथेच घरी काढून ठेवा, आणि डिसेंबरपर्यंत लॅपटॉप दुलईवर ठेवू नका.